आवाज बंद करून पाहिलेला नट

बाबा, तुझा तो बुढा नट परवा माझ्याकडे आला. म्हणजे त्याचा पिक्चर आला, कामासाठी. तुला सांगायचं राहूनच गेलं, मी आता शाळेत शिकवत नाही. तू गेल्यावर दोन-चार वर्षांतच ते सोडलं. आता नागपुरात, मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून परदेशी पिक्चरखाली मराठी ओळी लिहिते. पडद्यावर माणूस बोलतो आणि खाली त्याचं बोलणं मराठीत उमटतं, ते कोणीतरी बसून लिहितं, ती मी. तू हसशील. ‘म्हंजे माहाच धंदा उचलला म्हन की वं!’ असं म्हणशील, आणि ते खरंच आहे. फरक एवढाच की मला इंग्रजी येतं आणि तुला येत नव्हतं. ह्या एवढ्याशा फरकाच्या जोरावर मी एकदा काय करून बसले ते लिहायला घेतलंय. तीस वर्षं लागली मला. निर्लज्जपणालाही काही मर्यादा असते.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात तू वॅगन टिपलरवर होतास. कोळशाने भरलेला रेल्वेचा डबा पकडून अख्खाच्या अख्खा उलटा करणारं ते यंत्र. एकदा मला दाखवायला नेलं होतंस. असा धडधडाट की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येऊ नये. तुम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायचे. भुवई वर गेली की सोड, ओठ मुडपला की थांब. घरी पण तू तसाच बघायचास. आईने भाताचा गंज जरा आपटून ठेवला की तिच्या पाठीकडे बघून म्हणायचास, “आज हिच्या माहेरून चिठ्ठी आली वाटते.” आणि आलेली असायची. लहानपणी मला वाटायचं, माझ्या बापाला जादू येते. कॉलेजात गेल्यावर वाटायला लागलं की त्याला दुसरं काहीच येत नाही.

आणि तुझं ते रजिस्टर. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी तिकडे अमेरिकेत बक्षिसं वाटली जायची आणि दोन दिवसांनी पेपरच्या आतल्या पानावर फोटो यायचा, कोणी नट, कोणी नटी, हातात बक्षीस घेतलेली. तू तो फोटो कापून डब्यांच्या नोंदीच्या जुन्या रजिस्टरमध्ये, पानाच्या कोऱ्या पाठीवर, भाताच्या शिताने चिकटवायचास. त्यांची नावं तुला नीट म्हणता येत नसत, म्हणून तू आपलीच ठेवली होतीस. गालाले खड्डेवाला. घाऱ्या डोळ्याची माय. जपानचा मामा. जेवण झालं की रजिस्टर मांडीवर घ्यायचं आणि एकेकाचा चेहरा बघत बसायचं. “या बाईले कोनीतरी घरातून हाकललं असन पहिले,” तू म्हणायचास. “त्याबिगर असं हसता येत नाही मानसाले.” आई ताटं उचलता उचलता म्हणायची, “बाप्पा! त्या गोऱ्या बायकांचं समदं दिसते, घरच्या बायकोचे पाय दुखून राहिले ते नाही दिसत.” मग तू रजिस्टर बाजूला ठेवून तिचे पाय दाबायला बसायचास आणि ती लाजून म्हणायची, सोडा, पोरगी पाहून राहिली.

वीज केंद्राच्या कॉलनीतल्या क्लबात महिन्यातून एकदा शनिवारी पिक्चर दाखवायचे. क्लबचे सेक्रेटरी नागपूरहून, सीताबर्डीवरून कॅसेट आणायचे. हिंदी पिक्चर सगळ्यांचे पाहून झालेले, म्हणून कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की ज्यातल्या नटाला जगातलं मोठं बक्षीस मिळालं असे बाहेरचे पिक्चर आणावेत. पहिल्या खेपेला अर्ध्या तासात हॉल रिकामा. काय बोलून राहिले ते कळत नाही, निरा डोक्याले ताप, असं म्हणत लोक चपला घालायला लागले. तेव्हा तू उठलास, जयंतीला आणि गणपतीला जो माइक लागायचा तो कपाटातून काढलास आणि पडद्याशेजारी उभा राहून सांगायला लागलास. तेव्हापासून ते तुझंच काम झालं. पुढे पुढे तर तू त्याची तयारी करायचास. पहिली पाळी दोनला सुटली की हातपाय धुऊन सरळ क्लबात, आणि रिकाम्या हॉलमध्ये एकट्याने आख्खा पिक्चर आधी पाहायचास, तोही आवाज बंद करून. मी सोबत असले की मला सांगायचास, “बंद कर वं तो आवाज. आवाजानं ध्यान भटकते.” संध्याकाळी साडेसहाला हॉल गच्च भरलेला. बायका घरून चटया घेऊन यायच्या. लोक तुझी मजा पण घ्यायचे. कोणीतरी मागून ओरडायचं, “भाऊ, तो गोरा दोनच शब्द बोलला, तुम्ही चार वाक्यं काहून सांगता?” तू माइकवरूनच म्हणायचास, “इंग्रजी आटवलेली राहते गा. मी तिच्यात पानी टाकून देतो, तवा तुमच्या नरड्याखाली उतरते.” सगळा हॉल खदखदून हसायचा, आणि मी पण हसायचे. तोवर मला लाज म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मग मी नागपूरला कॉलेजात गेले, हॉस्टेलवर राहायला लागले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मैत्रीण मिळाली, धरमपेठेतली, कॉन्व्हेंटमधून आलेली. ती इंग्रजी बोलायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिच्याशी मैत्री आहे याचंच मला एवढं अप्रूप की काही विचारू नकोस. तिला मी सांगितलं की आमच्या कॉलनीत जगभरातले बक्षीस मिळालेले पिक्चर दाखवतात. थाप नव्हती ती. फक्त ते मराठीत कोण सांगतं, हे सांगितलं नाही. त्या शनिवारी तुझी दुसरी पाळी होती हे मी आधी विचारून घेतलं होतं. तू दुपारी दोन ते दहा टिपलरवर असशील, कोणी माइक घेणार नाही, आम्ही दोघी शहाण्यासारख्या इंग्रजीत पिक्चर बघू, असा माझा हिशेब. आणि तू काय केलंस? पोरगी पहिल्यांदा मैत्रिणीला घेऊन येऊन राहिली म्हणून कोणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घेतलीस. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलास. आईला पाटवडी-रस्सा करायला लावलास. मी मैत्रिणीला घेऊन बसमधून उतरले ती सरळ क्लबात शिरले, आणि समोर तू माइक हातात घेऊन उभा.  

पिक्चर त्या बुढ्याचा होता. जन्मभर बारीकसारीक कामं केली आणि उतारवयात, केस पिकल्यावर, पहिल्यांदा मोठं बक्षीस मिळालं तो. तुझ्या रजिस्टरात त्याचा फोटो होता, त्याखाली तू काही नावच ठेवलं नव्हतंस. विचारलं तर म्हणाला होतास, “याले नाव नोको ठेवू. हा आपल्यातलाच वाटते.” पिक्चरमध्ये तो बायको मेलेला म्हातारा असतो, शहरात मुलाकडे राहायला येतो. एका प्रसंगात दोघं जेवायला बसलेत, बाहेर बर्फ पडतंय, आणि मुलगा ताटात बघत बराच वेळ काही समजावतोय. बापाला कुठल्याशा वृद्धाश्रमात ठेवायचं चाललंय, एवढं कोणालाही कळत होतं. बुढा ऐकून घेतो. चमचा खाली ठेवतो. मुलाकडे बघतो आणि काहीतरी बोलतो, अगदी थोडं. आणि तू माइकवर म्हणालास, हळू, एकेक शब्द सोडत, “जातो मी. तू वाईट नोको वाटून घेऊ बाबू. तुया जागी मी असतो तं मी बी हेच केलं असतं. पोट भरलं माहं. लय दिवसानं पोटभर जेवलो.”

हॉलमध्ये बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आमच्या पुढच्या चटईवरचा एक दांडगा फिटर नाक ओढायला लागला. आणि माझी मैत्रीण तोंडावर रुमाल दाबून हसत होती. खांदे हलत होते तिचे. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या अंगाला आग लागली. मी उभी राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अहो, तुम्ही चुकीचं सांगताय. तो म्हणतोय, मी तुला कधीच माफ करणार नाही.”

सेक्रेटरींनी कॅसेट थांबवली.  मागून कोणीतरी म्हणालं, “भाऊ, कॉलेजची पोरगी हाय, तिचंच बरोबर असन.” तू माझ्याकडे पाहिलंस. मग माइकची वायर लोकांच्या डोक्यांवरून ओढत माझ्यापर्यंत आलास. “हे घे बेटा,” म्हणालास. “तू सांग. तुले येते.” मी नको म्हणायला पाहिजे होतं की नाही? भैताड बाई, एवढं तरी? मी माइक घेतला, बाबा. राहिलेला सगळा पिक्चर मीच सांगितला, पुस्तकातल्या मराठीत, ‘वस्तुतः’ आणि ‘तथापि’ लावून. अर्धं मला कळत नव्हतं, ते मी ओढूनताणून जुळवलं. वीस मिनिटांत बायका चटया गुंडाळायला लागल्या. तू मागे भिंतीला टेकून उभा होतास आणि जाणाऱ्या लोकांना म्हणत होतास, थांबा गा, ऐका, चांगलं सांगून राहिली.

पिक्चर संपल्यावर मी मैत्रिणीला घरी आणलंच नाही. सरळ बसस्टॉपवर नेलं, बस मिळेपर्यंत तिथेच थांबले. घरी आले तर ओट्याशेजारी चार ताटं मांडलेली. आईने विचारलं, कुठं आहे वं तुही मैत्रीण? तिला घाई होती, म्हटलं. आईने एक ताट उचलून फळीवर ठेवलं. तू दोन पाटवड्या जास्तीच्या घेतल्यास आणि म्हणालास, आज रस्सा बम चांगला झाला. मला तू तेव्हाच झापायला पाहिजे होतंस. लहानपणी पाटी फोडली म्हणून तू मला दिवसभर बोलला होतास, आणि ह्याच्यावर एक शब्द नाही.

त्यानंतर तू माइकला हात लावला नाहीस. लोक घरी येऊन म्हणायचे, भाऊ, चला ना. तू म्हणायचास, आता शिकलेले पोट्टे आहेत, त्यांनी सांगावं. कोणी सांगितलं नाही. दोन-तीन महिन्यांत क्लबातले ते पिक्चर बंद पडले. पुढच्या उन्हाळ्यात पेपरात फोटो आला, तो तू कापला नाहीस. पेपर तसाच रद्दीत गेला. मी ते पाहिलं होतं, हे पण लिहून टाकते. पाहिलं आणि परीक्षेचा अभ्यास करत बसले.

मग केबल आली. तिकडचा बक्षिसांचा कार्यक्रम आपल्याकडे सकाळी सकाळी लागायचा. तेव्हा मला शाळेत नोकरी लागलेली, मी खापरखेड्याहून जाणं-येणं करायचे. तू टीव्हीसमोर चहा घेऊन बसलेला, आवाज बंद. कुठल्यातरी दुसऱ्याच देशातली एक नटी बक्षीस घ्यायला वर आली होती, रडत होती, बोलताना अडखळत होती. तू म्हणालास, “पाह्य वं, मायची आठवन काढून राहिली ते.” मी ओढणीला इस्त्री फिरवत होते. “तुला काय माहीत?” म्हटलं. “सगळ्यांना धन्यवाद देतेय, दुसरं काय.” पूर्वीचा तू असतास तर माझ्याशी भांडला असतास. तिच्या हनुवटीकडे पाह्य, म्हणाला असतास. तू बशीत चहा ओतलास आणि म्हणालास, “हौ. तसंच असन.” तुझं ते ‘तसंच असन’ मला अजून ऐकू येतं. भाजी आळणी झाली तरी तसंच असन, डॉक्टरने काही सांगितलं तरी तसंच असन. ज्या माणसाला सगळ्यांचे चेहरे वाचता यायचे त्याला मी दुसऱ्याला विचारून खात्री करायची सवय लावली. शेवटच्या आजारात नर्स काही बोलली की तू माझ्याकडे बघायचास, ती काय म्हणून राहिली हे मी सांगावं म्हणून. नर्स मराठीच बोलत होती, बाबा.

तर परवा तो पिक्चर आला. जुनी फिल्म धुऊनपुसून पुन्हा दाखवणार आहेत, तिच्याखाली मराठी ओळी पाहिजेत. सोबत सगळे संवाद टाइप केलेले येतात. मी तो जेवणाचा प्रसंग शोधून काढला. मुलाचं लांबलचक बोलणं आहे, आणि त्याखाली बुढ्याची एकच ओळ. तो काय म्हणतो माहीत आहे? ‘खिडकी लाव.’ बस. थंडी येतेय, खिडकी लाव. तू सांगितलंस ते नाही आणि मी सांगितलं ते तर नाहीच नाही. मी आधी हसले. मग कॉम्प्युटरचा आवाज बंद केला आणि तो प्रसंग पुन्हा पाहिला. बाबा, तो खिडकी लाव म्हणतच नाही रे. तोंडाने म्हणतो. चेहऱ्याने तो जे म्हणतो ते तूच सांगितलं होतंस, शब्दन् शब्द. राग नाही, माफीबिफीचा प्रश्न नाही, मुलाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तो आपणच घाईने उठायला निघालाय. त्याला बक्षीस त्याचंच मिळालं असणार. इंग्रजी बोलता येतं म्हणून कोणी बक्षीस देत नाही, ते तिथे सगळ्यांनाच येतं. मी ढसाढसा रडले. रडून झाल्यावर ‘खिडकी लाव’ असं लिहिलं आणि काम पाठवून दिलं, कारण तुझी ओळ लिहिली असती तर एवढं बोललेलंच नाही म्हणून परत आली असती.

आई आता माझ्याकडेच असते; आज दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिला कमी दिसतं, पण शेंगा बोटांनी बरोबर कळतात. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, आई, त्या दिवशी क्लबात मी पण चुकीचंच सांगितलं होतं. आई म्हणाली, “मालूम हाय मले.” मी विचारलं, तुला कसं मालूम? “तुया बापानंच सांगतलं. तू बसस्टॉपवर गेली होती तवा. आले अन् म्हने, पोट्टी ठोकून देते वं, माह्यासारखीच. तो बुढा माफबिफ काही म्हनत नोता, त्याच्या तोंडावर रागच नोता.” मी म्हटलं, मग ते तिथंच का नाही बोलले? “मी बी तेच म्हनलं. तं म्हने, चारचौघात पोरीले खोटं पाडू काय? अन् खुश होते वं ते. म्हने, घरी तू-तू करते, पन तिथं मले अहो म्हनलं तिनं. शिकली पोरगी. एवढ्या लोकांत बापाले मान देल्ला.” एवढं सांगून आई हसली, दाण्यातली एक अळी काढून फेकली आणि पुढची शेंग घेतली.

मी उठून आत आले आणि हे लिहायला बसले. आई दारातून विचारून गेली, काय लिहून राहिली वं? कामाचं, म्हटलं. हे कुठे पाठवायचं नाही आणि तिला वाचूनही दाखवायचं नाही, कारण आता जे लिहितेय ते तिला सांगायची माझी छाती नाही. तो मान नव्हता, बाबा. आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा तू माइकवर फुंकर मारून तो तपासत होतास आणि मैत्रिणीने मला विचारलं होतं, हे कोण? मी म्हणाले, क्लबचा माणूस आहे. एकदा तसं सांगून बसल्यावर तुला बाबा म्हणून हाक कशी मारणार? म्हणून अहो. एवढंच होतं ते. तुला ते ‘क्लबचा माणूस’ तीन हातांवरून ऐकू गेलं असेल का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारलंच नाही. तू बसमध्ये, रेशनच्या रांगेत, कुठेही, अनोळखी माणसाला धरून सांगायचास की माही पोरगी हाय, कॉलेजात शिकते. त्या दिवशी सगळ्यांसमोर माइक दिलास तेव्हा तेवढं म्हणाला नाहीस. आईला जे सांगितलंस ते तुला खरंच वाटलं होतं, का तिच्यासाठी तू तेही गोड करून सांगितलंस, मला कळत नाही.

ती मैत्रीण अजून भेटते. मागच्याच महिन्यात भेटली होती. म्हणाली, तुला तो तुमच्या क्लबचा माणूस आठवतो का गं, काय धमाल होता ना! मी हो म्हणाले, बाबा. आणि हसले.